आधी बशी पालथी करा : जुनी निळी-पांढरी चिनी भांडी जमवू पाहणाऱ्यांसाठी

मुंबईच्या चोरबाजारातल्या मटण स्ट्रीटवर एखादी निळी-पांढरी बशी हाती आली, की आपण सहसा तिच्यावरचा पूल, झुकलेले झाड आणि पाण्यातली होडी पाहत राहतो. ते चित्र सुंदर असतेच. पण संग्रह करायचा असेल तर ते क्षणभर विसरावे आणि बशी पालथी करावी, अशी माझी विनंती आहे. चित्राची नक्कल करणे तुलनेने सोपे असते. बुडाची कड, तिथे संपणारी झिलई म्हणजे भांड्यावरचा काचेसारखा थर, भट्टीत चिकटून राहिलेले वाळूचे कण आणि शे-दोनशे वर्षांच्या वापराने आलेला गुळगुळीतपणा या साऱ्या गोष्टी एकत्र जुळवून आणणे मात्र फार कठीण असते. गेली कित्येक वर्षे मी ही भांडी पाहतो आहे, आणि आजही कोणतेही भांडे आधी बुडाकडूनच वाचतो.

सुरुवात शब्दापासून करू. मराठीत 'चिनी माती' म्हटले की लोणच्याची तपकिरी-पांढरी बरणी, चहाची कपबशी आणि संग्रहालयातली फुलदाणी या सगळ्याच वस्तू एका नावाखाली येतात. संग्राहकाला मात्र त्या वेगळ्या काढाव्या लागतात. लोणच्याची बरणी ही जाड, भाजलेल्या दगडी मातीची असते आणि ती बहुधा आपल्याच देशात बनलेली असते. खरे पोर्सिलेन म्हणजे काओलिन ही पांढरी माती आणि एक विशिष्ट दगड कुटून केलेली पूड यांच्या मिश्रणातून, सुमारे १,३०० अंश सेल्सिअस तापमानाला भाजलेले भांडे. काओलिन हे नावच चीनमधल्या जिआंगशी प्रांतातील जिंगदेझेन या गावाजवळच्या काओलिंग टेकडीवरून पडले, आणि आपण ज्या भांड्यांबद्दल बोलतो आहोत त्यांतली बहुतेक याच गावच्या भट्ट्यांत तयार झाली. कच्च्या भांड्यावर कोबाल्टच्या निळ्या रंगाने चित्र काढायचे, त्यावर झिलई चढवायची आणि मग एकदाच भाजायचे, ही तिथली रीत होती. म्हणून निळा रंग झिलईच्या खाली असतो. नख फिरवून पाहिले तर तो बोटाला लागत नाही. वरून दिलेला लाल किंवा सोनेरी रंग मात्र लागतो. टवका उडालेल्या जागी आतला गाभा पांढरा, घट्ट, साखरेच्या खड्यासारखा बारीक दाणेदार दिसला तर ते पोर्सिलेन आहे. पिवळसर, भुसभुशीत माती दिसली तर नाही.

ही भांडी परदेशासाठी का आणि कशी बनली, हे कळले की त्यांचे आकारही कळतात. चिनी जेवणात सपाट, रुंद काठाच्या ताटल्यांना विशेष काम नव्हते. त्या युरोपीय टेबलासाठी बनल्या. १६०३ साली डचांनी 'सांता कातारिना' हे पोर्तुगीज जहाज पकडले आणि त्यावरच्या मालाचा पुढच्या वर्षी आम्स्टरडॅममध्ये लिलाव झाला, तेव्हापासून उत्तर युरोपात या भांड्यांची ओढ वाढली. पुढे जहाजांवर पोर्सिलेनला ठरलेली जागा मिळाली, ती म्हणजे तळ. पोर्सिलेन जड असते आणि पाण्याने बिघडत नाही, तर चहा हलका असतो आणि ओल लागली की वाया जातो. म्हणून खाली भांड्यांच्या पेट्या आणि वर चहा अशी रचना केली जाई. १७५२ साली बुडालेल्या 'गेल्डरमाल्सन' या डच जहाजातून १९८५मध्ये सुमारे दीड लाख भांडी वर काढली गेली. चहा केव्हाच नष्ट झाला होता. भांडी मात्र टिकून होती.

मुंबईचा या व्यापाराशी संबंध दूरचा नाही. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून मुंबई बंदरातून कापूस आणि पुढे अफू चीनमधल्या कँटन बंदराला जात असे, आणि परतीच्या जहाजांतून चहा, रेशीम, साखर आणि चिनी भांडी येत. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्यासारखे व्यापारी तरुणपणी स्वतः चीनला जाऊन आले होते. पारशी घरांतली चिनी भरतकामाची गारा साडी आणि शोकेसमधली निळी बशी एकाच प्रवासाच्या खुणा आहेत. त्याही आधीच्या काळासाठी अलिबागजवळच्या चौल या जुन्या बंदराकडे पाहावे. तिथल्या उत्खननात चिनी भांड्यांचे तुकडे सापडले आहेत. मात्र अशा ठिकाणी फिरताना एखादे खापर दिसले तरी ते खिशात घालू नये. जागेवरून हलवलेले खापर संशोधकाच्या उपयोगाचे राहत नाही, आणि संरक्षित स्थळावरून ते उचलणे हा गुन्हाही ठरू शकतो.

आता काळ ओळखण्याविषयी. सर्व घराणी आणि सम्राट पाठ करण्याची सुरुवातीला गरज नाही. मुंबईच्या बाजारात ज्यांची भेट होऊ शकते, असे तीन-चार कालखंड पुरेसे आहेत. वानली सम्राटाच्या काळात, म्हणजे १५७३ ते १६२०मध्ये, आणि त्यानंतरची काही वर्षे 'क्राक' नावाची भांडी बनली. त्यांचा काठ खिडक्यांसारख्या खणांत विभागलेला असतो, अंग पातळ असते आणि काठावरची झिलई जागोजागी निघून वाळवीने कुरतडल्यासारखी दिसते. बुडावर मध्यातून निघालेल्या किरणांसारख्या चाकाच्या बारीक रेषा दिसतात आणि कडेला वाळू चिकटलेली असते. खांगशी सम्राटाचा काळ १६६२ ते १७२२ असा आहे, आणि माझ्या मते निळ्या रंगाचे खरे वैभव याच काळात आहे. एकाच निळ्याच्या चार-पाच छटा, गडद बाह्यरेषेच्या आत पाण्यासारख्या सोडलेल्या, इथे पाहायला मिळतात. एकदा ही छटांची उतरंड डोळ्यांत बसली की नंतरच्या काळातला सपाट, एकसुरी निळा लगेच वेगळा कळतो.

छ्येनलुंग सम्राटाच्या काळापासून, म्हणजे १७३६पासून, निर्यातीचे प्रमाण फार वाढले; १७५७ साली पाश्चात्त्यांना व्यापारासाठी कँटन हे एकच बंदर उरले, आणि ही स्थिती १८४२पर्यंत राहिली. बाजारात 'नानकिंग' आणि 'कँटन' ही दोन नावे सतत कानी पडतील. ती भांडी त्या गावांत बनली असा समज होतो, पण झिलईखालच्या निळ्या रंगाचे काम जिंगदेझेनमध्येच होई. नावे पडली ती माल ज्या मार्गाने गेला त्यावरून. नानकिंग प्रकारात चित्रण अधिक रेखीव असते, काठावर भाल्याच्या टोकांसारखी नक्षी आणि कधी सोन्याची रेघ असते. कँटन प्रकार जाड आणि जड असतो. झिलई संत्र्याच्या सालीसारखी किंचित खडबडीत असते आणि काठावर पावसाळी ढगांसारखे झुबके असतात. मुंबईत तुलनेने हा प्रकार जास्त भेटतो. त्याला कमी लेखू नये. घाईने, पण सरावलेल्या हाताने ओढलेल्या त्या कुंचल्यात एक जिवंतपणा असतो.

आपल्या वाचकांना ज्यात रस वाटावा असा एक साठा 'डायना' जहाजाचा आहे. हे जहाज १८१७ साली कँटनहून मद्रासकडे येताना मलाक्काजवळ बुडाले. त्यातली चोवीस हजारांवर भांडी काढून १९९५मध्ये आम्स्टरडॅमला लिलावात विकली गेली. युरोपसाठीची नीटस भांडी त्यात होतीच, पण ताऱ्याच्या आकाराची ढोबळ नक्षी असलेल्या साध्या ताटल्याही होत्या. बुडालेल्या जहाजातली भांडी बहुतेकदा समुद्राच्या पाण्याने निस्तेज झालेली असतात. अशा भांड्यावर लिलावाची चिठ्ठी चिकटवलेली असेल तर ती कधीही काढू नये; ती गेली की भांड्याचा इतिहास गेला.

बुडाकडे परत येतो, कारण खरे शिक्षण तिथेच आहे. भांडे ज्या कडेवर उभे राहते ती कड झिलईविना असते, नाहीतर ते भट्टीत चिकटले असते. त्या उघड्या कडेवर बोट फिरवावे. जुनी कड टेबलावर, फळीवर, दगडी ओट्यावर वर्षानुवर्षे सरकून नदीतल्या गोट्यासारखी गुळगुळीत झालेली असते. झिलई जिथे संपते तिथे अनेकदा नारिंगी-तपकिरी रेघ दिसते. मातीतल्या लोहामुळे ती येते आणि ती कुठे गडद, कुठे पुसट असते. नकली भांड्यावर हाच रंग चहाचे पाणी किंवा तत्सम काही लावून आणलेला असतो आणि तो सगळीकडे सारखा असतो. दुकानदाराची परवानगी घेऊन ओला कापूस हलकेच फिरवला तर तो कापसावर उतरतो. खांगशी काळातल्या मोठ्या थाळ्यांच्या कडेला कधी कधी खाच असते, म्हणजे एका कडेऐवजी दोन कडा दिसतात. हेही एक उपयोगी लक्षण आहे, पण एकट्या लक्षणावर कधीच विसंबू नये.

बुडावरच्या शिक्क्यांबद्दल नवोदितांना फार आकर्षण असते, आणि तिथेच ते फसतात. दोन ओळींत सहा चिनी अक्षरे असली तर ती उजवीकडून, वरून खाली वाचायची असतात. घराणे, सम्राट आणि 'काळात बनवले' असा त्यांचा अर्थ होतो. परंतु निर्यातीच्या बहुसंख्य भांड्यांवर असा शिक्का नसतोच. खांगशी काळात, १६७७ साली, जिंगदेझेनच्या अधिकाऱ्याने सम्राटाचे नाव भांड्यांवर लिहिण्यास मनाई केली होती, म्हणून त्या काळातल्या अनेक भांड्यांवर नुसती दोन वर्तुळे, एखादे पान किंवा शुभचिन्ह दिसते. उलट, आपल्यापेक्षा जुन्या सम्राटाचे नाव आदराने लिहिण्याचीही तिथे पद्धत होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या अनेक झाकणाच्या बरण्यांवर, ज्यांवर तडकलेल्या बर्फाच्या जाळीवर आलुबुखाराची फुले असतात, खांगशीचे नाव चार अक्षरांत लिहिलेले आढळते. त्या बरण्या सुंदर असतात, शंभराहून अधिक वर्षांच्याही असू शकतात. फक्त त्या खांगशीच्या नसतात. इंग्रजी अक्षरांत 'चायना' छापलेले असेल तर ते भांडे साधारणपणे १८९१नंतरचे मानावे, कारण अमेरिकेच्या आयात कायद्याने त्या सुमारास देशाचे नाव लिहिणे बंधनकारक केले. पण तो शब्द नाही म्हणून भांडे त्याआधीचे, असा उलटा निष्कर्ष काढू नये. इतर देशांना जाणाऱ्या मालाला ती सक्ती नव्हती.

निळे-पांढरे सर्वच चिनी नसते. मुंबईत सर्वांत जास्त फसवते ती विलोच्या झाडाची, पुलावरच्या तीन माणसांची आणि दोन पाखरांची इंग्रजी बशी. हे चित्र इंग्लंडमध्ये १७९०च्या सुमारास चिनी नमुन्यांवरून रचले गेले आणि तांब्याच्या पत्र्यावरून कागदावर, कागदावरून भांड्यावर असे छापले गेले. भिंगाखाली पाहिले की रेषांऐवजी बारीक ठिपके आणि आडव्या-उभ्या रेघोट्या दिसतात आणि काठावरची नक्षी जिथे जोडली आहे तिथे सांधा सापडतो. हाताने काढलेल्या चिनी काठात असा सांधा नसतो. डच डेल्फ्टचे भांडे त्याच्या टवक्यावरून कळते, कारण आत पिवळसर माती असते. जपानी अरिता भांड्यांच्या बुडावर भट्टीतल्या टेकूंचे तीन-चार बारीक व्रण असतात. १६४४मध्ये मिंग घराणे कोसळून चीनमध्ये धामधूम सुरू झाली, तेव्हा डचांनी जपानकडे मागणी वळवली. त्यामुळे त्या दशकांतल्या अनेक जपानी थाळ्या चिनी क्राकची नक्षी घेऊनच बनल्या आहेत.

एकदा मीही चुकलो. दक्षिण मुंबईतल्या एका दुकानात सव्वा फूट उंचीची झाकणाची बरणी होती. 'पुराना माल है, पारसी के घर का,' असे सांगितले गेले, आणि मी वर चित्र पाहून, बुडाला दोन वर्तुळे पाहून पैसे दिले. घरी खिडकीशी आणून दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून पाहिली, तेव्हा सगळी झिलई सारख्याच प्रमाणात मंद दिसली. आत, गळ्याखाली, जिथे कोणाचा हात शंभर वर्षांत पोचला नसता तिथेसुद्धा. खऱ्या वापराचे ओरखडे विस्कळीत असतात, उंचवट्यांवर जास्त आणि खोबणीत कमी असतात. ही बरणी आम्लाने धुतलेली होती. ती मी अजून ठेवली आहे आणि नव्याने शिकणाऱ्यांना मुद्दाम दाखवतो, कारण खोटे कसे दिसते हे हातात घेऊनच कळते.

त्या अनुभवानंतर मी जो मार्ग धरला तोच सर्वांना सुचवतो: पहिली खरेदी फुटक्या भांड्याची करावी. तडा गेलेले, टवका उडालेले, सांधलेले पण निःसंशय जुने भांडे अखंड भांड्याच्या मानाने पुष्कळ कमी किमतीत मिळते, आणि शिकवते मात्र अखंड भांड्यापेक्षा जास्त. माझ्याकडे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातली एक ताटली आहे. तिचे दोन तुकडे झाले होते आणि कोणीतरी ते पाठीमागून तीन पितळी टाक्यांनी शिवले आहेत. प्रत्येक टाक्यासाठी दोन्ही बाजूंना अर्ध्या जाडीपर्यंतच छिद्र पाडलेले आहे, त्यामुळे पुढून पाहिले तर टाका दिसत नाही, नुसती एक केसासारखी रेघ पुलाच्या कमानीतून गेलेली दिसते. टाक्यांच्या कडेला पांढरा भराव आहे आणि पितळ हिरवट पडले आहे. तडा गेलेल्या जागी गाभा कसा दिसतो, झिलई किती जाड आहे, निळा रंग तिच्याखाली नेमका कुठे बसला आहे, हे मला या ताटलीने दाखवले. ही ताटली फेकून न देता ज्या घराने तिला टाके घालून घेतले, त्या घरात ती किती मोलाची असेल, हेही तिच्या पाठीवर लिहिलेले आहे. असे टाके कधीही काढून टाकू नयेत.

अखंड म्हणून विकल्या जाणाऱ्या भांड्याची तपासणी मात्र कसून करावी. भांडे तळहातावर तोलून नखाने हलकेच टिचकी मारावी. निखळ भांडे बराच वेळ घुमते, तडा गेलेले बद्द आवाज करते. मोबाइलचा प्रकाश आतून धरला की पातळ अंगातून उजेड झिरपतो आणि केसासारखी चीर काळ्या रेषेत उमटते. अतिनील प्रकाशाची छोटी बॅटरी जवळ असावी. काळोख्या खोलीत तिच्या प्रकाशात नवा डिंक आणि वरून रंगवलेला भाग झिलईपेक्षा वेगळा चमकतो. काठावर जीभ किंवा दात हलकेच लावून पाहणारे जुने जाणकार असतात, कारण रंगवलेली जागा गरम आणि मऊ लागते. बाजारातल्या धुळीमुळे मला ते पटत नाही, जिभेऐवजी नख पुरते.

डोळा तयार करण्यासाठी काळा घोड्याजवळच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात वारंवार जावे. सर रतन टाटा आणि सर दोराब टाटा यांच्या संग्रहांतून आलेली चिनी आणि जपानी भांडी तिथे आहेत. एका भेटीत सगळे पाहण्यापेक्षा एकच भांडे निवडून त्याची काठावरची नक्षी वहीत पेन्सिलीने उतरवावी. हाताने काढले की कुंचल्याचा वेग कळतो. अर्थात काचेआड बूड दिसत नाही. म्हणून संग्रहालय चित्र शिकवते आणि बाजार बूड शिकवतो, आणि दोन्हीकडे सारखेच जावे लागते.

खरेदी करताना भांड्याचे वर्णन, अंदाजे काळ आणि दोष लिहिलेली पावती मागावी. जो विक्रेता तोंडी 'दोनशे वर्षे' म्हणतो आणि लिहून द्यायला तयार होत नाही, त्याचे उत्तर त्यातच आले. जुन्या घरातून वस्तू घेत असाल तर ती त्या घरात कशी आली हे घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून, त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवावे. कायद्याचीही जाणीव हवी. १९७२च्या पुरावस्तू आणि कलानिधी कायद्याखाली किमान शंभर वर्षे जुनी कलावस्तू पुरावस्तू ठरते, ती खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही आणि तिच्या व्यवसायासाठी परवाना लागतो. परदेशातल्या नातेवाइकाला जुनी बशी भेट म्हणून पाठवण्याचा विचार मनात आला, तर आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या कार्यालयात चौकशी करावी.

मुंबईच्या दमट हवेने पोर्सिलेनला स्वतःला काही होत नाही, पण त्यावरच्या दुरुस्त्यांना होते. जुना डिंक पिवळा पडून सुटतो आणि लोखंडी टाके गंजून आजूबाजूला डाग पाडतात. चिकटपट्टीने भिंतीवर ताटली टांगण्याची साधने पावसाळ्यात दगा देतात, आणि स्प्रिंगच्या तारा काठाचे टवके काढतात. म्हणून पुढे बारीक पट्टी ठोकलेली लाकडी फळी सर्वांत चांगली. गणपतीच्या मिरवणुकीत ढोल आणि स्पीकरच्या आवाजाने आमच्या कपाटाच्या काचा थरथरतात, तेव्हा उंच बरण्या मी दहा दिवस खालच्या कप्प्यात, जाड टॉवेलवर ठेवतो. धुताना प्लॅस्टिकच्या टबात तळाशी कापड अंथरून कोमट पाणी वापरावे, आणि सांधलेले भांडे पाण्यात बुडवून ठेवू नये. हे काम कोणावर सोपवू नये. स्वतः करावे, आणि एका वेळी एकच भांडे टबात असावे.

बाजारातून भांडे घरी आणणे हाही या कामाचाच भाग आहे. मटण स्ट्रीटवरची बहुतेक दुकाने शुक्रवारी बंद असतात, म्हणून इतर दिवशी सकाळी लवकर जावे, म्हणजे उजेडही चांगला मिळतो आणि परतीच्या लोकलला गर्दी कमी असते. सोबत दोन जुने मऊ टॉवेल आणि कडक तळाची कापडी पिशवी न्यावी. झाकण वेगळे गुंडाळावे, दोन ताटल्यांमध्ये नेहमी कापडाची घडी घालावी, आणि सँडहर्स्ट रोडला गाडीत चढल्यावर पिशवी वरच्या फळीवर न ठेवता मांडीवर घ्यावी.